बिल्ला नंबर विचारला, तरी मॅडम हसल्या नाहीत

पाचपैकी चार तारे. एक कापलाय तो जिन्याचा आणि खुर्चीचा, आमच्या शिकाऊ समुपदेशक मॅडमचा नाही.

मी निवृत्त कंडक्टर. १९९० ला बेस्टमध्ये लागलो, २०२३ च्या मे महिन्यात ५८ पूर्ण झाली आणि बॅग जमा केली. कुठला डेपो, कुठला रूट ते लिहीत नाही, माणसं ओळखतात. रिव्ह्यू लिहायची मला सवय आहे. गिरणीवाला आधीच्या गिऱ्हाइकाचं पीठ झटकतो का, चष्म्याच्या दुकानातला नंबर काढणारा पोरगा घाई करतो का, सगळ्यावर लिहून झालंय. या एकाच गोष्टीवर हात चालत नव्हता. शेवटी मुलगी म्हणाली, "बाबा, पिठावर तीनशे शब्द लिहिता. आणि इथे गप्प?"

तर पिठाइतकं तरी लिहितो.

निवृत्तीनंतर वर्षभराने मला रात्री ३.२० ला जाग यायला लागली. नुसती जाग नाही, छातीत धडधड, तळहात गार. दिवसा दादरच्या पुलावर गर्दीत शिरलो की पुन्हा तेच. ३३ वर्षं गर्दीत उभा राहून तिकिटं फाडणारा माणूस मी, आणि मला गर्दीची धास्ती! आमच्या हिला आधी वाटलं, रात्रीचं तिखट बाधतंय. मग ईसीजी झाला, टू-डी इको झाला, थायरॉईड झालं. फाइल जाड झाली आणि सगळं नॉर्मल. फॅमिली डॉक्टर म्हणाले, "हृदय ठणठणीत आहे. कुणाशी तरी बोला." म्हटलं, डॉक्टर, मी आयुष्यभर रोज हजार माणसांशी बोललोय. ते म्हणाले, "पुढे सरका आणि सुट्टे द्या, याला बोलणं म्हणत नाहीत."

मुलीने मोबाइलवर दादर पश्चिमेच्या एका समुपदेशन केंद्राची यादी उघडून दिली. नाव इथे लिहीत नाही. मॅडम अजून शिकतायत, त्यांना असं चव्हाट्यावर आणणं मला बरं वाटत नाही. यादीत अनुभवी लोकांचे ५० मिनिटांचे १,८०० रुपये होते. निवृत्त माणूस असा आकडा बघून आधी गुणाकार करतो, महिन्याचे ७,२००. सगळ्यात खाली 'ट्रेनी' लिहिलेलं, ३०० ते ८००, ज्याला जे परवडेल ते. खोटं कशाला बोलू, मी ३०० बघूनच बोट ठेवलं.

बोट ठेवल्यावर मात्र मजकूर वाचला. यादीतल्या प्रत्येकाने स्वतःची ओळख लिहिली होती आणि एकाची दुसऱ्याला चिकटवली असती तरी चाललं असतं. या ट्रेनीची वेगळी होती. जन्म लालबागच्या चाळीतला. आजोबा गिरणी कामगार, १९८२ च्या संपानंतर घरी बसले ते बसलेच. पुढे कित्येक वर्षं पाळी बदलायच्या वेळेला ते गॅलरीत येऊन उभे राहायचे, हे तिने लहानपणी बघितलेलं. बी.ए. ला मानसशास्त्र घेतलं, पण घरात पगार हवा होता म्हणून पाच वर्षं मालाडच्या एका कॉल सेंटरमध्ये क्रेडिट कार्डाच्या तक्रारी ऐकल्या. तिथे प्रत्येक फोनला मिनिटं ठरलेली. पलीकडचा माणूस रडायला लागला तरी पडद्यावरचा आकडा लाल व्हायचा. २८ व्या वर्षी नोकरी सोडून एम.ए. ला प्रवेश घेतला, विषय समुपदेशन मानसशास्त्र, सध्या दुसरं वर्ष. आणि शेवटची ओळ अशी की मी शिकाऊ आहे, माझं काम माझ्या सुपरव्हायझर दर आठवड्याला तपासतात.

ती ओळ वाचून मला माझे सुरुवातीचे दिवस आठवले. नवीन कंडक्टरच्या शेजारी सिनियर उभा असायचा. तिकीट मी फाडायचो, पंच मी मारायचो, डोळे त्याचे. एकदा म्हातारी उतरायच्या आत मी दोन बेल दिल्या. सिनियरने माझ्या हातातली दोरी धरली, गाडी थांबवली, आणि प्रवाशांसमोर एक शब्द बोलला नाही. टर्मिनसला चहा पिताना जे काय बोलला ते आजही कानात आहे. त्यानंतर ३३ वर्षांत मी उतरणाऱ्याचे दोन्ही पाय जमिनीवर बघितल्याशिवाय दोरी ओढली नाही. म्हणून शिकाऊ म्हणजे कच्चा माल असं मी कधी मानत नाही. शिकाऊ माणूस नियम पाळतो. पंधरा वर्षं झालेला पाळेलच असं नाही, हे मी स्वतःवरून सांगतो.

केंद्र दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, जिना लाकडी आणि अंधारा. गुडघेवाल्यांनी विचार करावा. वर गेल्यावर एक छोटी खोली, पंखा कुरकुरतो, खिडकीतून खालच्या भाजीवाल्याचा 'दस का दो' ऐकू येतो. क्लायंटची खुर्ची वेताची आहे आणि मधे खोल गेलीये, ५० मिनिटांनी उठताना माणूस आधाराला काहीतरी शोधतो. पाण्याची बाटली ठेवतात, पेला ठेवत नाहीत. झाला तुमचा एक तारा.

मॅडम दिसायला कॉलेजातल्या मुलीसारख्या. पहिलाच प्रश्न, "तुम्हाला काय म्हणू? काका चालेल की नावाने बोलवू?" म्हटलं, काका म्हणा. मी मात्र त्यांना शेवटपर्यंत मॅडमच म्हणालो. ड्युटीवरच्या माणसाला नावाने हाक मारायची नसते.

आणि मग मी विचारलं, "तुमचा बिल्ला नंबर काय?" मुलीला नंतर हे सांगितलं तर तिने कपाळाला हात लावला. पण मॅडम हसल्या नाहीत. सरळ म्हणाल्या, "काका, माझ्याकडे बिल्ला नाही." मग त्यांनी जे समजावलं ते प्रत्येकाने डोक्यात ठेवावं. मनोविकारतज्ज्ञ म्हणजे सायकियाट्रिस्ट, ते डॉक्टर, औषध तेच लिहिणार. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते, नंबर मागितला तर त्यांनी दाखवायला हवा. समुपदेशकाचं तसं पक्कं बसलेलं नाही. २०२१ साली आरोग्याच्या पूरक व्यवसायांचा एक केंद्रीय कायदा झाला आणि त्यात हे क्षेत्रही घेतलंय. पण सध्या बाहेर कोणीही चार आठवड्यांचा कोर्स करून पाटी लावू शकतो. म्हणून समुपदेशकाला तीन गोष्टी विचाराव्या: शिक्षण काय, किती काम देखरेखीखाली केलं, आणि आता तुमच्यावर देखरेख कुणाची. मॅडमनी तिन्हीची उत्तरं दिली आणि सुपरव्हायझरचं नाव कागदावर लिहून दिलं. ३०० रुपयांत मला पहिल्यांदाच कुणी स्वतःच्या विरुद्ध तक्रार कुठे करायची ते सांगत होतं.

नंतर एक फॉर्म. मी फॉर्म वाचूनच सही करतो, त्यात दहा मिनिटं गेली, त्यांनी घाई केली नाही. बोललेलं बाहेर जाणार नाही, पण अपवाद आहेत: माझ्या जिवाला धोका वाटला तर, माझ्यापासून दुसऱ्याला वाटला तर, कोर्टाने मागितलं तर, आणि लहान मुलावर लैंगिक अत्याचार होत असल्याचं कळलं तर, कारण २०१२ च्या पॉक्सो कायद्याने ते कळवावंच लागतं. सुपरव्हायझरशी चर्चा होईल, पण माझं नाव न सांगता. सेशन रेकॉर्ड करू का, हेही विचारलं, शिकणाऱ्याला त्याचा उपयोग होतो म्हणे. मी नाही म्हटलं. त्यांनी 'नाही'वर टिक केली आणि विषय संपला. पुन्हा एकदाही विचारलं नाही.

आता पद्धत. मी थेट विचारलं होतं, तुम्ही नक्की करणार काय? त्या म्हणाल्या, "सल्ला देणार नाही, एवढं आधी सांगते." मग ३०० रुपये कशाचे, हे मी मनात म्हटलं. मनातलं तोंडावर आलं असणार, कारण त्यांनी लगेच खुलासा केला. त्यांचा पाया कार्ल रॉजर्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचा. समोरच्याला पारखत बसायचं नाही, तो जसा आहे तसा आधी ऐकायचा, आणि ऐकणाऱ्याने स्वतः मुखवटा घालून बसायचं नाही. पेशंट न म्हणता क्लायंट म्हणायची रीतही त्यांच्यामुळे रुळली. त्यावर गरजेप्रमाणे बाकीच्या पद्धतींतलं थोडंथोडं. मला वाटलं, हे म्हणजे गोड बोलून वेळ काढणं. पहिली दोन सेशन्स मला तसंच वाटलं, लपवत नाही. मी बोलायचो, त्या माझंच वाक्य जरा फिरवून मला परत द्यायच्या. मी घरी येऊन हिला म्हटलं, "आपल्या पोपटाला ३०० रुपये दिले असते." ही म्हणाली, "आपल्याकडे पोपट नाही. जा पुढच्या मंगळवारी."

तिसऱ्या वेळी त्यांच्याकडून चूक झाली. मी ३.२० चं सांगत होतो. त्या म्हणाल्या, "काका, रात्री त्या वेळेला कधी काही वाईट घडलं होतं का? कुणी गेलं होतं का?" मला रागच आला. म्हटलं, मॅडम, पहिल्या गाडीची ड्युटी असली की माझा गजर ३.२० चा. अर्धं आयुष्य त्या वेळेला उठलो, शरीराला कोण सांगणार की आता उठू नकोस? यात मयत कशाला शोधताय? बाकीचा वेळ मी हो-नाहीवर काढला.

पुढच्या मंगळवारी मी बसायच्या आधी त्याच बोलल्या. "काका, गेल्या वेळी मी घाई केली. तुमच्या आधी मी गोष्ट जुळवायला गेले. सुपरव्हायझरांनीही तेच दाखवलं. सॉरी." साठीतल्या माणसाला कोणी चूक कबूल करून दाखवत नाही हो. घरात 'बाबांचं काय ते' म्हणून सोडून देतात, बाहेर 'अंकल बाजूला व्हा'. मी त्या दिवशी पहिल्यांदा खुर्चीत मागे टेकून बसलो. (म्हणून तर तिला मधे खड्डा आहे हे कळलं.)

त्यानंतर त्यांनी एक कागद दिला. तीन रकाने: काय घडलं, त्याबद्दल मनात काय आलं, पुढे काय झालं. अल्बर्ट एलिस नावाच्या अमेरिकन माणसाने १९५५ च्या सुमारास ही पद्धत सुरू केली. त्याचं म्हणणं, घटनेने आपण थेट कोलमडत नाही, मधे आपली एक समजूत असते आणि ती तपासता येते. म्हटलं, अमेरिकेतलं परळला कसं चालणार? त्या म्हणाल्या, मुंबईतल्याच कि. मो. फडके या मराठी मानसशास्त्रज्ञांनी एलिसशी वर्षानुवर्षं पत्रव्यवहार करून ही पद्धत शिकून घेतली आणि आपल्याकडे रुजवली. पत्रांवर शिकलेला माणूस म्हटल्यावर माझा विरोध मावळला.

आणि कागद बघितला तर तो मला ओळखीचाच निघाला. आमचं वेबिल! प्रत्येक फेरीला कुठल्या स्टेजला कुठला तिकीट नंबर हे टिपून ठेवायचं, शेवटी रोकड आणि तिकिटं जुळली पाहिजेत, कमी आले तर खिशातून भरायचे. मी रात्रीचं वेबिल भरायला लागलो. ३.२० जाग. मनात काय: गाडी चुकणार. पुढे: धडधड. तीन आठवडे मी रोज 'गाडी चुकणार' लिहिलं आणि एका पहाटे लिहिता लिहिताच हसू आलं, की कुठली गाडी? गाड्या सोडणारा कोण स्टार्टर माझी वाट बघतोय? ही उठून विचारायला लागली, काय झालं. काही नाही म्हटलं, झोप. त्या दिवशी पाचला परत झोप लागली.

इथे संपलं असतं तर मी पाच वाक्यांचा रिव्ह्यू लिहिला असता. पण दुपारच्या गर्दीतली धडधड जात नव्हती, आणि कागदाच्या मधल्या रकान्यात काय लिहायचं ते मला कळत नव्हतं. तो रकाना मी कोरा ठेवायचो. मॅडमनी तो भरायला लावला नाही. म्हणाल्या, "कोरा राहू दे. गाडी भरलेली असताना तुम्ही कुठे उभे असायचात, ते सांगा."

मी सांगायला लागलो. पुढच्या दाराकडे तोंड करून, डावा हात दांड्याला, समोर ड्रायव्हरची पाठ. आणि थांबलो.

माझा ड्रायव्हर. अकरा वर्षं आम्ही एका गाडीवर. एक बेल थांब, दोन बेल चल, आमचं निम्मं बोलणं दोरीवर. त्याची पाठ मी जितकी बघितली तितकी त्याच्या बायकोने बघितली नसेल. खांदा वर गेला की समजायचं, समोर कुणीतरी आडवा आलाय, आता ब्रेक लागणार, आणि मी आधीच ओरडायचो, "धरून उभे राहा!" २०२० च्या लॉकडाउनमध्ये लोकल बंद, अत्यावश्यक सेवेतल्यांसाठीसुद्धा ती १५ जूनला सुरू झाली, तोवर नर्सेस, वॉर्डबॉय, सफाईवाले, सगळे आमच्याच गाड्यांवर. एका सीटवर एक माणूस. त्याच्या केबिनला प्लॅस्टिक लावलेलं, त्यामुळे पाठ धूसर दिसायची. जुलैमध्ये तो आजारी पडला आणि गेला. मला तिसऱ्या दिवशी कळलं. खांदा द्यायचा प्रश्नच नव्हता. चौथ्या दिवशी मी ड्युटीवर, समोर दुसरी पाठ.

हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण सांगण्यासारखं काय होतं? तो माझ्या नात्याचा नव्हता. सुतक नाही, रजा नाही, कुणी भेटायला येणार नाही. त्या वर्षी घरोघरी माणसं गेली, त्यात मी माझ्या ड्रायव्हरचं काय घेऊन बसू?

मॅडम काही बोलल्या नाहीत. 'खूप वाईट झालं' नाही, 'वेळ हेच औषध' नाही. खाली भाजीवाला ओरडत होता. बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं, "ते चहा कसा घ्यायचे?" बशीत ओतून, फुंकर न मारता. बशी रिकामी झाली की पालथी घालायचा. मी सांगितलं आणि मग मला बोलता येईना. त्यांनी टिश्यूचा डबा पुढे ढकलला नाही, तो टेबलावर होताच, मला हवा तेव्हा मी घेतला. वेळ संपायच्या दहा मिनिटं आधी म्हणाल्या, "काका, दहा मिनिटं राहिलीत. खाली उतरून तुम्ही कुठे जाणार, घरी कोण आहे, ते जरा बोलूया." म्हणजे त्या अंधाऱ्या जिन्यावर मला तसंच सोडायचं नव्हतं. नंतर कळलं, हेही शिकवतात. शिकवत असतील, पण शिकवलेलं वेळेवर आठवणं वेगळं.

जाताना एका चिठ्ठीवर १४४१६ लिहून दिला. सरकारची टेलिमानस हेल्पलाइन, ऑक्टोबर २०२२ पासून आहे, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. रात्री फारच झालं तर. मी लावला नाही, पण तो अजून फ्रिजवर चिकटवलेला आहे आणि समोरच्या बिऱ्हाडातल्या मुलाने एकदा फोटो काढून नेला.

एकूण बारा सेशन्स झाली, ३,६०० रुपये. कमी-जास्त काय झालं ते लिहितो. जाग अजून येते, रोज नाही. गर्दीत धडधडलं तर कळतं की मी पाठ शोधतोय, मग बाजूला उभा राहतो, दोन मिनिटांत जातं. नोव्हेंबरमध्ये ड्रायव्हरच्या बायकोला फोन केला. पाच वर्षांनी कुठल्या तोंडाने करायचा, यावर एक अख्खं सेशन गेलं होतं. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही येत का नाही, हेच आम्हाला कळत नव्हतं." भांडुपला जाऊन आलो, दोन तास बसलो.

कुणासाठी नाही तेही सांगतो. ज्याला औषधाची गरज आहे, आवाज ऐकू येतात, दिवसेंदिवस अंथरुणातून उठवत नाही, त्याने आधी मनोविकारतज्ज्ञांकडे जावं. मॅडम स्वतः पहिल्याच फोनवर हे विचारतात आणि पाठवतात. ज्याला एका भेटीत उत्तर हवंय त्याने ३०० रुपयांची मिसळ खावी. मॅडमच्या बोलण्यात इंग्रजी जास्त येतं, 'प्रोसेस' आणि 'बाउंड्री' हे दोन शब्द मी त्यांना मोजून दाखवले, एका सेशनला चौदा वेळा. पुढच्या वेळी सहावर आले. भिंतीवरचं घड्याळ क्लायंटच्या मागे आहे, त्यामुळे त्यांनी वर बघितलं की आपल्याला वाटतं कंटाळल्या. ते बाजूच्या भिंतीवर लावा असं मी अभिप्रायाच्या वहीत लिहिलंय. शेवटच्या दिवशी मी पेढे नेले होते. भेटवस्तू घेता येत नाही म्हणाल्या, मी म्हटलं वस्तू कुठेय, पेढा आहे. शेवटी तिथेच डबा उघडला, बाहेर रांगेत बसलेल्या दोघांना दिला, रिसेप्शनवरच्या मुलीला दिला, आणि एक त्यांनीही खाल्ला.

मॅडम एप्रिलपर्यंत आहेत, मग परीक्षा. माझी मंगळवारची दुपारी चारची वेळ आता रिकामी आहे. दादर स्टेशनवरून चालत बारा मिनिटं, जिन्यावर उजव्या हाताला कठडा आहे, तो धरून चढा.